वेड्यांचा तक्ता आणि गुलामीचे समर्थन

गुलामगिरी नुसत्या चाबकाच्या बळावर टिकत नाही. तिला धर्मग्रंथ लागतो, कायदा लागतो. आणि ज्या काळात धर्मग्रंथावरची श्रद्धा ढळू लागते त्या काळात तिला आकडा लागतो. 'गुलामांच्या भल्यासाठीच गुलामगिरी आहे' असे पुरोहित म्हणतो तेव्हा त्याच्याशी वाद घालता येतो. तेच विधान सरकारी शिक्क्याच्या तक्त्यात छापून येते तेव्हा शिकलेला माणूसही क्षणभर गप्प होतो. आपल्या चळवळीने ग्रंथांची चिकित्सा केली, मनुस्मृती जाळली, पुराणकथांचा दडवलेला अर्थ उघडा केला. पण माणसाचे मन, बुद्धी आणि वर्तन यांविषयी शास्त्राच्या नावाने जे सांगितले जाते, त्याच्या तक्त्यांची चिकित्सा आपण त्या मानाने कमी केली. ही चिकित्सा कशी करावी, आणि ती करता यावी म्हणून संशोधकाकडून काय मागून घ्यावे, याचा एक धडा अमेरिकेच्या इतिहासात आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या लोकांना अर्पण केला हे आपण सारे जाणतो. त्या मुक्तीच्या लढ्यातले हे एक कमी वाचले गेलेले पान आहे.

१८४० साली अमेरिकेची सहावी खानेसुमारी झाली. देशात वेडे आणि जडबुद्धीचे लोक किती, हा प्रश्न या खानेसुमारीत प्रथमच विचारला गेला. गोऱ्यांसाठी वेगळे रकाने होते आणि काळ्यांसाठी वेगळे. १८४१ मध्ये तक्ते छापून आले आणि त्यांतून एक विलक्षण गोष्ट बाहेर पडली. गोऱ्यांमध्ये वेडाचे प्रमाण उत्तरेत ९९५ माणसांमागे १ आणि दक्षिणेत ९४५ मागे १, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. काळ्यांचे मात्र तसे नव्हते. दक्षिणेत, जिथे बहुसंख्य काळे गुलाम होते, तिथे १,५५८ मागे १ काळा वेडा. आणि उत्तरेत, जिथे ते स्वतंत्र होते, तिथे १६२ मागे १. जसजसे उत्तरेकडे जावे तसतसे वेड वाढत जाई. अगदी वरच्या टोकाच्या मेन राज्यात तर दर १४ काळ्यांमागे १ वेडा निघाला!

याचा अर्थ काय होतो? अर्थ सरळ होता आणि गुलाममालकांनी तो तात्काळ लावला. स्वातंत्र्य काळ्या माणसाला पेलत नाही. मालकाच्या छत्राखाली त्याचे डोके ठिकाणावर राहते. त्याला मोकळे सोडा, तो वेडा होतो. तेव्हा त्याला गुलामीत ठेवणे हेच भूतदयेचे काम आहे! शूद्राचा उद्धार द्विजांच्या सेवेतच आहे असे आपल्याला शतकानुशतके सांगितले गेले. त्या सांगण्यात आणि या सांगण्यात मला फरक दिसतो तो एवढाच, की तिकडे साक्षीला ऋषी नव्हता, सरकारी आकडा होता.

या आकड्यावर डॉक्टरांनीही विश्वास ठेवला. मॅसॅच्युसेट्समधले डॉ. एडवर्ड जार्विस हे वेडाच्या आकडेवारीचे अभ्यासक. गुलामीचे ते समर्थक नव्हते. तरीही सप्टेंबर १८४२ मध्ये त्यांनी बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून या फरकाची मीमांसा केली. गुलामाला आशा नसते, जबाबदारी नसते, म्हणून त्याच्या मनावर ताणही येत नाही, असा त्यांचा आशय होता. आकडा खरा धरला की त्याला शोभेल असे तत्त्वज्ञान सज्जन माणूसही तयार करतो, ही बाब विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

परंतु जार्विस तेथे थांबले नाहीत. त्यांनी छापील तक्ते गावागावाने वाचायला घेतले. आणि इथे या इतिहासाची खरी किल्ली आहे. अमेरिकन सरकारने फक्त बेरजा छापल्या असत्या तर पुढचे काहीच घडले नसते. तक्ते गाववार होते. एका रकान्यात त्या गावात काळे किती, दुसऱ्या रकान्यात त्यांपैकी वेडे किती. दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहणे एवढेच काम होते आणि ते कोणीही करू शकत होता. मेनमधल्या स्कारबरो गावात काळा माणूस एकही नव्हता. पण काळे वेडे होते ६! मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात काळ्यांची वस्ती १५१ आणि त्यांपैकी वेडे १३३! हे १३३ जण कोण? वुस्टरला सरकारी वेड्यांचे इस्पितळ होते. त्या इस्पितळातले गोरे रोगी काळ्यांच्या रकान्यात पडले होते. अशी गावे एक-दोन नव्हती, पुष्कळ होती. नोव्हेंबर १८४२ मध्ये जार्विस यांनी त्याच नियतकालिकात आपले आधीचे मत मागे घेतले आणि जानेवारी १८४४ मध्ये सविस्तर लेख लिहून तक्त्यातली गावे एकेक करून मांडली.

ही चूक कशी झाली असेल? इतिहासकारांनी नंतर खानेसुमारीचे मूळ कागद पाहून सांगितले, की रकान्यांची मांडणीच घोटाळ्याची होती. गोरे वेडे आणि काळे वेडे यांचे रकाने जवळजवळ, मथळे सारखेच. एखाद्या घरातला भ्रमिष्ट झालेला गोरा म्हातारा एक रकाना सरकला की काळा होई. अशी चूक उत्तरेत झाली काय आणि दक्षिणेत झाली काय, चूक सारखीच. पण परिणाम सारखा नाही. समजा, १०० काळ्यांच्या गावात ५ गोरे चुकून काळ्यांत धरले. प्रमाण झाले २० मागे १. तेच ५ जण १०,००० काळ्यांच्या मुलखात धरले तर २,००० मागे १. उत्तरेत काळे थोडे होते, म्हणून थोड्या चुकांनी त्यांचे सारे जगणे काळवंडून गेले. जी माणसे संख्येने थोडी असतात त्यांच्याबाबतीतली लहान चूकसुद्धा मोठ्या कलंकाचे रूप घेते. गणिताचा हा नियम प्रत्येक अल्पसंख्य आणि भटक्या समाजाने पाठ करून ठेवावा असा आहे.

आता ज्यांच्यावर हा कलंक आला ते काय करीत होते? ते गप्प बसले नव्हते. जेम्स मक्यून स्मिथ हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. १८१३ मध्ये न्यूयॉर्कला गुलाम आईच्या पोटी त्यांचा जन्म झाला. १८२७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातली गुलामी कायद्याने संपली तेव्हा ते मुक्त झाले. काळ्या मुलांच्या शाळेत ते शिकले, हुशार ठरले. पण अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी त्यांना दारात उभे केले नाही. समुद्र ओलांडून ते स्कॉटलंडला ग्लासगोच्या विद्यापीठात गेले आणि १८३५ ते १८३७ या तीन वर्षांत बी.ए., एम.ए. आणि वैद्यकाची एम.डी. अशा तीन पदव्या घेऊन परतले. विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवलेले ते पहिले काळे अमेरिकन. न्यूयॉर्कला त्यांनी दवाखाना आणि औषधांचे दुकान चालवले, काळ्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे डॉक्टर म्हणून काम केले.

या डॉक्टरने १८४४ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रातून खानेसुमारीच्या आकड्यांचा समाचार घेतला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्वतंत्र काळ्या नागरिकांच्या वतीने त्यांनी सिनेटला निवेदन पाठवले. त्यात गावांची यादी होती : या गावात काळे शून्य, काळे वेडे इतके. स्वातंत्र्याने आम्हाला वेडे केलेले नाही, स्वतःच्या पायावर उभे राहावे लागल्यामुळे आमची मने अधिक बळकट झाली आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला या निवेदनात विशेष वाटते ते असे, की त्यात दयेची याचना नाही. तुमचाच तक्ता, तुमचीच बेरीज आणि तुमचीच चूक, असा तो रोखठोक हिशेब आहे. ज्यांना मोजले गेले त्यांच्यातल्याच एकाने मोजणाऱ्याचा हिशेब तपासला. शिक्षणाने माणूस काय करू शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

मग सत्य जिंकले काय? नाही. येथून पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. एप्रिल १८४४ मध्ये दक्षिण कॅरोलिनाचे जॉन सी. कॅल्हून परराष्ट्रमंत्री होते. खानेसुमारी त्यांच्याच खात्याकडे होती. टेक्सास अमेरिकेत सामील करून घेण्याचा प्रश्न पेटला होता आणि ब्रिटन गुलामीच्या विरोधात बोलत होते. १८ एप्रिल रोजी कॅल्हून यांनी ब्रिटिश वकील रिचर्ड पॅकेनहॅम यांना पत्र लिहिले आणि त्यात हेच आकडे पुढे केले. मुके-बहिरे, आंधळे, जडबुद्धीचे आणि वेडे असे सर्व मिळून, जिथे गुलामी उठली तिथे काळ्यांमध्ये ९६ मागे १ आणि जिथे ती आहे तिथे ६७२ मागे १. हा तक्ता खोटा आहे हे तोवर छापून झाले होते. तरीही तो एका राष्ट्राच्या परराष्ट्र धोरणाचा आधार बनला.

माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स तेव्हा प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. चुका दुरुस्त करा म्हणून त्यांनी सरकारमागे लकडा लावला. बोस्टनला १८३९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननेही काँग्रेसकडे निवेदन दिले. कॅल्हून यांनी अॅडम्स यांना जे उत्तर दिले ते अॅडम्स यांच्या रोजनिशीत नोंदलेले आहे. त्याचा भावार्थ असा : चुका इतक्या आहेत की त्या एकमेकींना काटतात, तेव्हा निष्कर्ष शेवटी तोच राहतो. पुढे चौकशी नेमली. चौकशी कोणाकडे दिली? विल्यम वीव्हर यांच्याकडे, म्हणजे ज्यांच्या देखरेखीखाली ती खानेसुमारी झाली होती त्यांच्याचकडे! त्यांनी आपल्या कामात दोष नाही असा निर्वाळा दिला. तक्ता दुरुस्त झाला नाही तो नाहीच.

न दुरुस्त झालेला आकडा मरत नाही, तो वंश वाढवतो. १८५१ मध्ये लुइझियानाचे डॉ. सॅम्युअल कार्टराइट यांनी एक नवा मनोविकार शोधून काढला. त्याचे नाव 'ड्रेपटोमेनिया'. लक्षण एकच, गुलामाला पळून जावेसे वाटणे! त्यावर त्यांनी सुचवलेल्या उपायांत चाबूकही होता. मुक्तीची ओढ हाच रोग ठरला. १८६५ मध्ये गुलामी संपल्यावरही दक्षिणेतल्या वेड्यांच्या इस्पितळांचे कित्येक डॉक्टर काळ्यांतले वेड स्वातंत्र्यामुळे वाढले असे लिहीत राहिले. स्मिथ त्याच साली वारले. १८४७ मध्ये न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनने त्यांना सभासद करून घेतले नव्हते. तो मान त्यांना मरणोत्तर २०१८ मध्ये मिळाला.

या साऱ्या हकिगतीतून मला एक निष्कर्ष काढायचा आहे. तक्ता खुला होता म्हणून खोटेपणा पकडता आला. पण तपासण्याचा अधिकार आरोपीच्याच हाती राहिला म्हणून तो खोटेपणा जिवंत राहिला. संशोधनातील पारदर्शकतेची ही दोन अंगे आहेत. मूळ नोंदी उघड्या करणे हे पहिले अंग. त्या तपासून निष्कर्ष मोडून काढण्याची सत्ता, मोजलेल्या माणसांसकट, दुसऱ्याच्या हाती देणे हे दुसरे. पहिल्याशिवाय दुसरे अशक्य आहे आणि दुसऱ्याशिवाय पहिले पांगळे आहे.

आपल्याकडेही आकड्यांची लढाई झाली आहे, पण तिची तऱ्हा उलटी. १९३२ मध्ये मताधिकाराच्या प्रश्नासाठी लोथियन समिती बसली तेव्हा काही प्रांतांतून अस्पृश्यांची संख्या एकदम खाली आली. जे लोक आधीच्या खानेसुमाऱ्यांत लाखांनी मोजले गेले होते ते प्रतिनिधित्वाचा प्रश्न येताच नाहीसे झाले. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. त्यांनी स्वतंत्र टिपण जोडून या लबाडीला उत्तर दिले. अमेरिकेत नसलेले काळे वेडे मोजले गेले, इथे असलेले अस्पृश्य मोजायचे नाकारले गेले. रकाना भरणे आणि रकाना रिकामा ठेवणे ही दोन्ही सत्तेचीच कामे आहेत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात गणनेतले जातींचे आकडे सरकारने प्रसिद्ध केले नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्यांविषयीच्या वार्षिक अहवालात मृताचा व्यवसाय, शिक्षण, वैवाहिक स्थिती यांचे तक्ते असतात; त्याच्या नेहमीच्या तक्त्यांत जात नसते. ज्या देशात वसतिगृहातला मुलगा जातीच्या छळाने गळफास घेतो त्या देशात हा कोरा रकाना निष्पाप कसा म्हणावा?

मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात राहून शिकलो. तिथे वर्षाआड कोणी ना कोणी संशोधक प्रश्नावली घेऊन येत असे. 'तुम्हाला न्यूनगंड वाटतो का?' 'इतरांत मिसळताना भीती वाटते का?' नेहमी, कधीकधी, कधीच नाही. बरोबरची खूण करा. आम्ही शेकडो खुणा केल्या असतील. त्यांचे पुढे काय झाले हे आम्हाला कोणीही, कधीही सांगितले नाही. आमच्या खुणांवर कोणाला तरी पीएच.डी. मिळाली, कोणाला बढती मिळाली. आमच्याविषयी काय सिद्ध झाले? आमच्या भीतीचे कारण आमच्या मनात शोधले की खोलीचे दार लाथेने उघडणाऱ्यांत शोधले? मूळ प्रश्नावल्या कुठे आहेत? आज मी शिक्षक आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांपुढे तशाच प्रश्नावल्या येतात. म्हणून हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ इतिहासाचा नाही.

मनाच्या शास्त्रात आज काही अभ्यासक खुल्या संशोधनाचा आग्रह धरीत आहेत, त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये पॅरोक्सेटिन हे औषध उदास किशोरवयीन मुलांना गुणकारी आणि मानवणारे आहे असा एक लेख अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रयोग २७५ मुलांवर केलेला होता. २०१२ मध्ये औषध कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनला, या औषधाच्या अयोग्य प्रचारासह अनेक आरोपांबद्दल, ३०० कोटी डॉलर भरावे लागले. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच प्रयोगाची मूळ कागदपत्रे मिळवून पुन्हा हिशेब मांडला. औषध गुणकारी नव्हते आणि त्याने अपाय होत होता, असे निघाले. त्याच वर्षी मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा एक सामुदायिक उपक्रम छापला गेला. मूळ अभ्यासांपैकी शेकडा ९७ मध्ये ठाम निष्कर्ष होता. पुन्हा करून पाहता शेकडा ३६ मध्येच तो तसा सापडला. यातून काही शिस्त पुढे आली. अभ्यासाला हात घालण्यापूर्वीच आपण काय तपासणार हे जाहीर नोंदवावे, म्हणजे नंतर आकडे पाहून प्रश्न बदलता येत नाही. प्रश्नावली आणि हिशेबाची रीत उघड करावी. निष्कर्ष मनासारखा आला नाही तरी छापावा. भारतातही माणसांवरील औषधांच्या चाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये उघडली आणि २००९ पासून अशी नोंद सक्तीची झाली. प्रश्नावलीच्या पाहण्या मात्र या सक्तीबाहेरच राहिल्या.

एक सावधगिरी मात्र आपणच बाळगली पाहिजे, कारण ती आपल्यालाच भोवते. उघडे काय करायचे? माणूस उघडा करायचा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींची नावनिशी पोलिसांच्या नोंदवहीत घातली आणि पुढे पिढ्यानपिढ्या तिची हजेरी लावून घेतली. तीही एक प्रकारे वर्तनाचीच नोंद होती. १९५२ मध्ये कायदा गेला, तरी संशय गेला नाही. रोग्याचे नाव, गाव, जात आणि आजार एकत्र करून जगापुढे मांडणे म्हणजे त्याला पुन्हा त्या हजेरीला उभे करणे होय. लहान गावात तर नाव काढून टाकले तरी माणूस ओळखू येतो. संशोधकाचा हात उघडा व्हावा, रोग्याची जखम झाकलेली राहावी. ही रेषा कुठे ओढायची हे ठरवताना त्या रोग्याच्या समाजाचा माणूस बैठकीत बसलेला असला पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे? वस्तीत, शाळेत, वसतिगृहात कोणी प्रश्नावली घेऊन आला तर त्याला हाकलून देऊ नये. आपल्याविषयीचे ज्ञान आपल्यालाही हवे आहे. त्याला बसवावे आणि विचारावे : तुझा प्रश्न आधी कुठे नोंदवला आहेस का? आमच्या उत्तरांवरून काय निघाले ते आमच्या भाषेत आम्हाला सांगायला परत कधी येशील? आमच्यापैकी कोणाला तुझा हिशेब तपासू देशील काय? तुझा निष्कर्ष आम्हाला अमान्य झाला तर आमचे म्हणणे तुझ्या निष्कर्षाशेजारी छापशील काय? उत्तरे समाधानकारक मिळाली तर खुणा कराव्यात. आणि शिक्षकांनी आपल्या मुलांना टक्केवारी, प्रमाण आणि बेरीज नीट शिकवावी. संख्याशास्त्र हा विषय कठीण म्हणून आपली मुले टाळतात; तो आपण टाळावा असे ज्यांना वाटते त्यांची सोय होते.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये येत्या जनगणनेत जात मोजण्याचे जाहीर केले आहे. तक्ते छापले जातील तेव्हा केवळ राज्याच्या बेरजेवर समाधान मानू नये. गावागावाचा रकाना मागावा आणि मिळाल्यावर तो बसून वाचावा. प्रत्येक तालुक्यात दोन-चार जणांनी आजपासूनच त्याची तयारी करावी. रकाने शेजारी ठेवून वजाबाकी करता येणे एवढीच तिची पहिली पायरी आहे.